सतरा नंबरचा लिलाव

“सांग खातू, सतरा नंबर. पहिल्या खुर्चीपासून.”

मी हात पाठीमागे बांधून, पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागलो. “एक, टोमॅटोचं सूप, मिरपूड नको. दोन, सूप नको, कोशिंबीर, वर काही ओतायचं नाही. तीन, म्हणजे थोरल्या प्रिचर्डबाई, कोळंबीचा पास्ता. चार, धाकट्या प्रिचर्डबाई, तोच पास्ता, पण कोळंबी सोडाच, कोळंबीची वाफसुद्धा लागता कामा नये, घसा सुजतो. पाच...”

“पुरे,” इनासदादा म्हणाले. “पास.”

आणि स्वयंपाकघराचं झुलतं दार ढकलून आत गेले. मी छाती फुगवून त्यांच्या मागे गेलो. एकतिसाव्या वर्षी पास झाल्याचा एवढा आनंद फक्त इतिहासाच्या बी.ए.लाच होऊ शकतो. मी गुहागरचा. इतिहासात दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो होतो, त्यामुळे जहाजावर वेटर होण्यासाठी जी नम्रता लागते ती आयतीच अंगी आली होती.

आमच्या जहाजावर दोन हजार पाहुणे असत आणि त्यांचं रात्रीचं जेवण एका भल्यामोठ्या डायनिंग रूममध्ये होई. पद्धत जुनी होती. जहाजात चढल्यावर पाहुण्याला एक टेबल आणि एक खुर्ची मिळे. सातही दिवस तेच टेबल, तीच खुर्ची, तीच वेळ, तेच शेजारी आणि तेच दोन वेटर. लग्नात यातल्या निम्म्या गोष्टींचीही खात्री नसते.

इनास रुमाव हे त्या डायनिंग रूमचं दैवत. वसईचे, वय अठ्ठावन्न, बोटीवर चोवीस वर्षं. ते ऑर्डर कधी लिहून घेत नसत. हात मागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारायची, आठ जणांचं ऐकायचं आणि अर्ध्या तासाने आठ बश्या न चुकता आठ जणांसमोर ठेवायच्या. आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लाजिरवाणी समजतात. बश्या घेऊन टेबलापाशी उभं राहायचं आणि विचारायचं, हे कोणाचं. याला आम्ही लिलाव म्हणतो. नवशिका वेटर लिलाव करतो, रस्त्यावरचा ढाबा लिलाव करतो. इनासदादांनी चोवीस वर्षांत एकही लिलाव केला नव्हता.

त्यांची युक्ती त्यांनी मला वर्षभरापूर्वी, आमची जोडी जमली तेव्हाच सांगितली होती. “मी माणसं लक्षात ठेवत नाही रे. मी त्यांना आमच्या आळीत राहायला पाठवतो. पहिली खुर्ची म्हणजे आळीच्या तोंडाशी क्रूस आहे तिथे. दुसरी बावतीसचं घर. तिसरी मोनूमावशी. चौथी विहीर. विहिरीवर कोण बसलंय, त्याच्या हातात काय आहे, एवढंच बघायचं. आळीत काय मी चुकणार आहे?”

त्या वर्षी ते दोन महिने वसईला सुटीवर जाऊन आले आणि आल्यापासून त्यांनी ही परीक्षा सुरू केली. रोज ऑर्डरी घेऊन झाल्या की स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायचं आणि म्हणायचं, सांग खातू. ते ऑर्डर घेत तेव्हा मी पेल्यांत पाणी ओतत असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. ते मला तयार करत होते, हे उघड होतं. दैवताला कधीतरी पुजारी लागतोच.

अशात एका रविवारी दुपारी डायनिंग रूमचा मुख्य विटोरियो याने सगळ्यांना गोळा केलं. विटोरियो इटालियन होता आणि वाईट बातमी इतक्या छान उच्चारात सांगायचा की टाळ्या वाजवाव्याशा वाटत.

“पाहुण्यांना स्वातंत्र्य हवं आहे,” तो म्हणाला.

“कोणाला विचारलं?” मागून कोणीतरी पुटपुटलं.

“ऑफिसला,” विटोरियो म्हणाला.

स्वातंत्र्य असं होतं. टेबल ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही, पाहुण्याने कधीही यावं आणि कुठेही बसावं. वेटरच्या हातात टॅबलेट. त्यात खुर्च्यांचं चित्र, खुर्चीवर बोट ठेवलं की कोणी काय मागवलं ते दिसणार. एका टेबलाला दोन वेटरांऐवजी एक. पण ऑफिसातले लोक न्यायी होते. ते म्हणाले, एक फेरी चुरस होऊ द्या. येत्या सात दिवसांत डायनिंग रूमची डावी बाजू नव्या पद्धतीने चालेल, उजवी जुन्या. पाहुण्यांनी दिलेले गुण मोजू. जी बाजू जिंकेल त्या बाजूचे वेटर पुढच्या करारावर, दुसऱ्या बाजूचे घरी. ज्याने त्याने आपली बाजू निवडावी. प्रत्येकाला एक कागद मिळाला. त्यावर दोन चौकोन होते.

आता इनासदादांचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. त्यांना एकच करार हवा होता, पंचविसावा. पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला कंपनी एक फेरी पाहुणा म्हणून बायकोला आणायची परवानगी देई. फिलूबाईंना ते लग्नापासून सांगत होते, तुला एकदा टेबलावर बसवीन आणि मी वाढीन. फिलूबाईंनी नवऱ्याला वर्षातून दोन महिने पाहिलं होतं आणि त्या दोन महिन्यांत वाढायचं काम त्यांच्याकडेच असे.

“कुठली बाजू घेणार दादा?” मी विचारलं.

“तू?”

“उजवी. विचारायचं काय त्यात. तुम्ही असल्यावर आपण त्यांना धुऊन काढू.”

दादांनी टॅबलेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. “पाटी आहे ही,” ते म्हणाले. “पहिलीत होती माझ्याकडे.” मग कागदावर खूण केली, घडी घातली आणि सगळ्यांचे कागद ऑफिसात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं म्हणून माझ्या हातात ठेवली.

जिन्यात मी घडी उघडली. बघायला नको होती, पण जिना लांब होता. दादांनी पहिल्या चौकोनात खूण केली होती. पहिला चौकोन म्हणजे डावी बाजू. म्हणजे पाटी.

चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर, हे मी स्वतः पाहिलं होतं. ज्या माणसाने चोवीस वर्षं पेन्सिल हातात धरली नाही तो पाटी मागणार? मी खिशातलं पेन काढलं, पहिली खूण नीट खोडून काळी केली आणि दुसऱ्या चौकोनात एक सुबक खूण केली. शेजारी दादांच्या सहीसारखं बारीकसं ‘इ. रु.’ही लिहिलं. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याची मला कॉलेजपासून सवय आहे. ही त्यातली सगळ्यात नीट जमलेली.

संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. दादा आपल्या नावासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, “चल खातू. मग आता तुला ही परीक्षा रोज देतच राहावी लागेल.”

“दहा वेळा घ्या,” मी म्हणालो.

ते सात दिवस मी जसा जगलो तसा नंतर क्वचितच जगलो असेन. विटोरियो रोज सकाळी फळ्यावर आदल्या दिवशीचे गुण लिहायचा आणि आम्ही मतमोजणीला जमावं तसे तिथे जमायचो. पहिल्या दिवशी डावी बाजू पुढे. पाहुण्यांना पाटीवर फोटो पाहून ऑर्डर द्यायची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी बरोबरी. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला स्वातंत्र्याचा अर्थ कळला. कधीही या म्हटल्यावर सगळे साडेसातला आले. दारात रांग लागली आणि रांगेतले लोक आमच्या उजव्या बाजूकडे बघू लागले, जिथे इनासदादा सतरा नंबरच्या पाचव्या खुर्चीवरच्या आजोबांना म्हणत होते, “आज तुमचे बटाटे वेगळ्या बशीत ठेवलेत, कालच्यासारखे रश्शात बुडाले नाहीत.” आजोबांचा चेहरा असा उजळला की रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला कोपर मारलं.

चौथ्या दिवशी आम्ही पुढे. पाचव्या दिवशी आणखी पुढे. मी स्वयंपाकघरात चालत नव्हतो, उडत होतो. डाव्या बाजूचा फर्नांडो म्हणून एक फिलिपिनो मित्र होता. तो मला म्हणाला, “तुझा म्हातारा माणूस नाही, यंत्र आहे.”

“यंत्र तुझ्या हातात आहे,” मी म्हणालो. मला ते वाक्य इतकं आवडलं की दादांना जाऊन सांगितलं. दादा हसले नाहीत. म्हणाले, “सांग खातू. बारा नंबर.”

सतरा नंबर हे आमचं मुख्य टेबल होतं, कारण त्याच्या आठव्या खुर्चीवर ऑफिसातून आलेल्या हॅडलीबाई बसत. त्या वही घेऊन जेवत. तिसऱ्या-चौथ्या खुर्चीवर वेल्समधल्या दोन म्हाताऱ्या बहिणी, त्याच त्या प्रिचर्डबाई; सुरुवातीला सांगितलेली परीक्षा याच आठवड्यातली. पांढरे केस, गोल चष्मा, एकसारख्या. थोरलीला कोळंबी जीव की प्राण, धाकटीचा कोळंबीने जीव जायचा. देवाने इतकं एकसारखं बनवून मग फरक असा ठेवला होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नटूनथटून यायचं असतं. दोघी बहिणी तंतोतंत सारखे निळे झगे घालून आल्या. दादांनी फेरी मारली, ऑर्डरी ऐकल्या, मी पाणी ओतलं. दोघींनी पुन्हा तोच पास्ता मागवला, एक कोळंबीचा, एक कोळंबीशिवाय. आम्ही वळलो आणि तेवढ्यात विटोरियो धावत आला. म्हणजे धावत नाही, डायनिंग रूममध्ये धावायला बंदी आहे, पण इटालियन माणसाचं चालणं तसं दिसतं.

“खातू, डावीकडे ये. वीस मिनिटं. तिथे तीनशे माणसं उभी आहेत.”

“शत्रूला मदत?”

“आत्ता ते माझे पाहुणे आहेत. ये.”

दादांनी माझं मनगट धरलं. चोवीस वर्षांत ट्रे सोडून त्यांनी काही इतकं घट्ट धरलं नसेल. “परीक्षा राहिली,” ते म्हणाले.

“आज सुटी द्या दादा,” मी म्हणालो आणि गेलो.

फर्नांडोने माझ्या हातात पाटी कोंबली. खुर्चीवर बोट, पदार्थावर बोट, झालं. दहा मिनिटांत मी चार टेबलं उरकली आणि कबूल करायला वाईट वाटतं, पण मला मजा आली. पाचव्या टेबलाशी मी वर पाहिलं. डायनिंग रूमच्या पलीकडच्या टोकाला सतरा नंबरपाशी जहाजाचा फोटोग्राफर उभा होता. फोटोत उजेड नीट यावा म्हणून त्याने दोघी प्रिचर्डबाईंना उठवलं, हसवलं, फोटो काढला, आणि दोघी पुन्हा बसल्या. थोरली चौथीत. धाकटी तिसरीत.

आणि झुलत्या दारातून इनासदादा बाहेर येत होते. डाव्या हातावर तीन बश्या, उजव्या हातात लाल झाकणाची एक. लाल झाकण म्हणजे स्वयंपाकघराने वेगळं शिजवलेलं, धाकटीचं.

मी निघालो. मध्ये चाळीस टेबलं, तीनशे माणसं आणि एक आइस्क्रीमची गाडी. धावायला बंदी. मी विटोरियोसारखा चाललो. कोणाच्या तरी खुर्चीला लागलो, कोणाची तरी माफी बहुधा मराठीत मागितली. मला दिसत होतं की दादा थोरलीच्या, म्हणजे आता धाकटीच्या, तिसऱ्या खुर्चीमागे पोचलेत. कोळंबीची बशी खाली यायला लागली आहे. बाईंनी काटा उचलला आहे. त्या हॅडलीबाईंशी बोलताहेत, बशीकडे बघतसुद्धा नाहीत. मी हाक मारली, ती तीनशे माणसांच्या गलबल्यात बुडाली. बशी टेबलापासून वीतभर वर होती.

तिथे ती थांबली.

दादा सरळ उभे राहिले. बश्या पुन्हा हातावर नीट घेतल्या. एकदा तिसरीकडे पाहिलं, एकदा चौथीकडे. मग ज्या आवाजात ते रोज शुभ संध्याकाळ म्हणायचे त्याच आवाजात, हॅडलीबाईंच्या वहीसमोर, त्यांनी विचारलं,

“माफ करा. कोळंबी कोणाची?”

लिलाव. आसपासच्या सहा टेबलांवरच्या वेटरांनी माना वळवल्या. एकाच्या हातातला चमचा पडला. सतरा नंबरला मात्र काहीच झालं नाही. थोरल्या प्रिचर्डबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला, म्हणाल्या, “माझी”, आणि कोळंबी त्यांच्यापुढे गेली. धाकटीने लाल झाकण उचललं आणि जेवायला लागली. हॅडलीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

बश्यांच्या कपाटापाशी मी दादांना गाठलं. मला धाप लागली होती, त्यांना नव्हती.

“फोटोमुळे,” मी म्हणालो. “खुर्च्या बदलल्या ना त्यांनी. कोणीही चुकलं असतं.”

“फोटो?” दादांनी विचारलं. “कसला फोटो?”

मी सतरा नंबरकडे बोट दाखवलं.

“मला कोणाचंच ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “आठांपैकी एकाचंही. बाकीच्या बश्या अंदाजाने ठेवता आल्या असत्या, कोशिंबिरीने कोणी मरत नाही.” ते एक पेला उचलून पुसायला लागले, पेला स्वच्छच होता. “आळी पाडली रे खातू. मार्चमध्ये. सगळ्यांनी मिळून बिल्डरला दिली, मीही सही केली. बावतीसचं घर गेलं, मोनूमावशीचं गेलं, विहीर बुजवली. क्रूस तेवढा बाजूला उचलून ठेवलाय. सुटीत जाऊन बघून आलो. तेव्हापासून माणसं बसवायला गेलो की नुसतं मोकळं मैदान दिसतं. घरंच नाहीत, तर बसवू कुठे?”

“मग रोज ती परीक्षा...”

“तू पास होत होतास म्हणून माझं चाललं होतं.”

पलीकडे कोणीतरी घंटी वाजवली. दादांनी पेला ठेवला.

“मी ती पाटी मागितली होती,” ते म्हणाले. “तिच्यात खुर्च्यांचं चित्र आहे. आळी आहे ती, आयती. खूण केली होती मी. वय बघून नाही म्हणाले असतील.”

माझ्या खिशात पेन होतं. ते एकदम फार जड लागायला लागलं.

सातव्या दिवशी निकाल लागला. जुनी पद्धत चौऱ्याण्णव, नवी एक्क्याण्णव. हॅडलीबाईंनी त्या लिलावालाही पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि शेरा लिहिला होता, वेटरने खात्री करून घेतली. विटोरियोने केक कापला. मग त्याच सुंदर उच्चारात सांगितलं की ऑफिसने आपलं मनःपूर्वक अभिनंदन केलं आहे, आणि टॅबलेट सगळ्या जहाजांसाठी आधीच घेऊन झालेले असल्यामुळे पुढच्या फेरीपासून नवी पद्धत सुरू होईल. निकाल उजव्या बाजूने लागला आणि निर्णय डाव्या. करार डाव्या बाजूच्या लोकांना. उजवीकडचा फक्त एक माणूस ठेवणार होते. त्याने सहाव्या दिवशी पाटी फार चटपटीत चालवली, असं विटोरियोने कळवलं होतं. तो माणूस मी होतो.

केक खाल्ला. चांगला होता. मग विटोरियोच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की रुमाव यांच्या कागदावरची खूण माझी आहे.

त्याने फाइलमधून कागद काढला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला. “सहीसुद्धा?”

“सहीसुद्धा.”

“का?”

“मला वाटलं त्यांची चूक झाली.”

“आणि आता?”

“आता त्यांची नव्हती असं दिसतं.”

विटोरियो खुर्चीत मागे रेलला. “कंपनीच्या कागदावर खोटी सही. तुला पुढच्या बंदरात उतरावं लागेल.”

“मग एक जागा रिकामी होईल,” मी म्हणालो.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे समुद्राशिवाय काही नव्हतं, पण त्याने बराच वेळ ते पाहिलं. “तो माणूस डावीकडचाच होता, कागद सांगतो,” तो शेवटी म्हणाला. “फक्त कोणीतरी खाडाखोड केली.”

बार्सिलोनाला मी बॅग घेऊन उतरलो. जिन्याशी इनासदादा उभे होते. त्यांच्या काखेत पाटी होती.

“खूण फार सुबक होती म्हणे,” ते म्हणाले.

“पेन चांगलं होतं.”

“गाढवा,” दादा म्हणाले, आणि माझी बॅग खालपर्यंत घेऊन आले. पाहुण्यांची नेतात तशी, दोन पावलं मागून.

त्यानंतर मी पुण्यात आलो, वर्तमानपत्रांतून विनोदी लिहायला लागलो, आणि दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याचे मला पैसेही मिळू लागले. दादांकडे जायचं राहत गेलं. गेल्या डिसेंबरात गेलो. आळीच्या जागेवर सात मजल्यांची इमारत आहे, तोंडाशी क्रूस आहे. दादा तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर फोटो होता, सतरा नंबरचं टेबल, पहिल्या खुर्चीवर काठापदराच्या साडीत ताठ बसलेल्या फिलूबाई.

“इथे बसून काय करायचं, मी विचारलं,” फिलूबाई मला फुगे वाढत म्हणाल्या. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव. “हा म्हणाला, काही करू नको. मला जमेना ते. तिसऱ्या दिवशी मी बाकीच्यांच्या बश्या उचलायला लागले. तो विटोरियो की कोण, त्याने मला हात जोडले.”

“तुमच्या पाटीत यांच्या खुर्चीवर काय लिहिलं होतं?” मी दादांना विचारलं.

“पाटीत नव्हतं लिहिलं,” दादा म्हणाले. “हिचं एवढं पाठ येत होतं.”

ते आता त्र्याहत्तरचे. इमारतीत सगळे नवे लोक आले आहेत, नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी उलटी युक्ती काढली आहे. मजल्यावरच्या आठ घरांत त्यांनी सतरा नंबरचे पाहुणे राहायला पाठवलेत. “तीनशे चारमध्ये धाकट्या प्रिचर्डबाई,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे कोळंबीचं काही पाठवायचं नाही. खरंच चालत नाही त्यांना, गुजराती आहेत.” मग शेजारच्या भिंतीकडे मान वळवली. “तीनशे पाचला एक म्हातारे आलेत बोरिवलीहून. एकटेच असतात. त्यांचं काही बसत नाही डोक्यात. सांग खातू, सतरा नंबर. पाचवी खुर्ची.”

मी जेवता जेवता हात पाठीमागे घेतले.

“पाच,” मी म्हणालो. “बटाटे वेगळ्या बशीत. आणि बशी ठेवल्यावर लगेच निघायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं. त्यांना बोलायला हवं असतं.”

“पास,” दादा म्हणाले. त्यांनी एका वाडग्यात चार फुगे घेतले, वर फडकं टाकलं, डाव्या हातावर वाडगा तोलला आणि दार उघडून शेजारी गेले.

परत यायला त्यांना पाऊण तास लागला.